सहा महिने धिंगरी पिकवली, त्याचा अनुभव (सांगली)

दिवाळी झाली आणि धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) सहा पिशव्या भरल्या. विश्रामबागेतल्या घरामागं अडगळीची खोली आहे, खिडकी उत्तरेला, ऊन येत नाही. ती रिकामी करून चुना मारला आणि पिशव्या दोरीनं टांगल्या.

पिशवीत बियाण्यासोबत भरायचं काड म्हणजे सोयाबीनचा भुसा, माहेरी पलूसला हवा तेवढा मिळतो. रात्रभर भिजवायचा, सकाळी ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा आणि नीट निथळायचा. पहिल्या खेपेला निथळायला मी घाई केली, दोन पिशव्यांत हिरवी बुरशी आली, त्या लांब नेऊन पुराव्या लागल्या. आता मूठभर भुसा घट्ट पिळून बघते. तळवा ओला झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये.

उरलेल्या चार पिशव्या अळंबीचे तंतू पसरून अठरा दिवसांत पांढऱ्याशुभ्र झाल्या. प्लास्टिक कापून काढलं, दिवसातून तीनदा पाणी फवारलं. ओल टिकावी म्हणून खिडकीही बंद ठेवली, तिथंच चुकलं. देठ बोटभर लांब आणि टोपी शर्टाच्या बटणाएवढी! अळंबी आपल्यासारखाच श्वास घेते. कोंडलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला की देठच वाढत जातात. खिडकीला बारीक जाळी लावून ती सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवायला लागले. दहा दिवसांनी दुसरा बहर आला तो तळहाताएवढ्या टोप्यांचा, एकावर एक रचल्यासारखा. त्या दिवशी मी सगळ्यांना हाताला धरून खोलीत नेलं.

टोपीची कड वर वळायच्या आत काढा. उशीर झाला की बीजाणू उडतात, खोकला येतो. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून त्या खोलीत मी त्यांना जाऊ देत नाही, स्वतःही मास्क लावते.

नंतरच्या खेपांना एका पिशवीत किलोभर कोरडा भुसा धरला, तर तीन बहर मिळून पाऊण किलोच्या आसपास माल निघाला. विकण्याइतका नाही, पण घरच्या पाच माणसांना आठवड्यातून दोनदा पुरला. कांदा-लसूण चटणी घालून केलेला रस्सा मुलं मागून खातात. उरलेली उन्हात वाळवून डब्यात भरली. वापरलेला भुसा कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकला.

एप्रिलमध्ये मात्र काम थांबवलं. पत्रा तापतो, ओली पोती टांगूनही खोली ३२ अंशांखाली येईना, कोंब सुकून गळाले. उन्हाळ्यात गुलाबी धिंगरी तग धरते, तिचं बियाणं पुढच्या मार्चसाठी आधीच सांगून ठेवणार आहे. तोवर पाऊस लागला की पांढरी धिंगरी पुन्हा, या वेळी दहा पिशव्या.