तयार हानबोक सेट: चोगोरी घ्या, आतला घेर जळगावात शिवून घ्या

खान्देशातून रांजणगाव-चाकणला नोकरीला गेलेल्यांना कधीतरी कोरियन साहेबाच्या बाळाच्या दोलचं, म्हणजे पहिल्या वाढदिवसाचं, आमंत्रण येतं. 1903 साली हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोरियन कुटुंबांपासून आजपर्यंत, परदेशात राहूनही दोलला आणि लग्नाला हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, निघतोच. पाहुण्यांनी घालावाच असं नाही. घालायचा तर नीट बसलेला हवा. ऑनलाइन मिळणारा बायकांचा पॉलिस्टर सेट त्यासाठी पुरतो, पण जसा येतो तसा नाही.

कोरियन माप 55, 66, 77 असं असतं: छाती साधारण 85, 90, 95 सेंमी. मधलं माप असेल तर मोठी चोगोरी, म्हणजे वरचं आखूड जाकीट, घेऊन बाजूची शिवण आत घ्यावी. लहान चोगोरी पुढून उघडी पडते, आणि वाढवायला आत कापड सोडलेलं नसतं. चिमा, म्हणजे घागरा, छातीवर बांधतात; उंची तिथूनच जमिनीपर्यंत मोजा. कमरेपासून मोजून मागवलेला हमखास आखूड पडतो.

सेटची खरी उणीव आतला घेर, म्हणजे चिमाखालचा परकर. तो बहुतेकदा येतच नाही, मग सॅटिन पायांना चिकटतं आणि चिमाचा फुगीर डौलच जातो. फुले मार्केटमधून चार मीटर कॅनकॅन नेट आणि अडीच मीटर सुती अस्तर घ्या. नेट अस्तराच्या बाहेरून लावा, नाहीतर पाय खाजतात. घेर चिमापेक्षा दोन इंच आखूड ठेवा आणि रुंद खांदपट्टे लावायला सांगा. नाडीवर हे वजन पेलत नाही.

मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, दुपारच्या कार्यक्रमाला हा सेट नकोच. कोरियातही उन्हाळ्यात मोशी, म्हणजे रॅमीचं विरळ कापड वापरतात. घामाने आधी गळ्याची पांढरी पट्टी, दोंगजोंग, खराब होते. तिच्यात कागद असतो. धुण्याआधी टाके उसवून काढा, नंतर नवी लावा.

लग्नाला जाणार असाल तर गुलाबी आणि निळा टाळा: मुलीची आई बहुधा गुलाबी छटेत असते, मुलाची निळ्या.

गोरुम, म्हणजे चोगोरीच्या पुढच्या बांधायच्या पट्ट्या, बांधताना आखूड पट्टी लांब पट्टीवर आडवी ठेवून खालून वर ओढा. वर आलेल्या पट्टीचा फास करा आणि लांब पट्टी दुमडून त्यातून काढा. एकच पाकळी, घालणारीच्या डाव्या हाताला. पट्ट्या चुरगळलेल्या असतील तर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री करा. गरम इस्त्रीने सॅटिनवर पडलेली चकाकी जात नाही.