जैवनीतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते; तीन वर्षांपासून तेथील एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरील संशोधन योग्य रीतीने होते ना हे तपासणाऱ्या समितीची, कागदपत्रेही माझ्याकडेच आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये मी एका अमेरिकी विद्यापीठाच्या जैवनीतिशास्त्र आणि वैद्यकीय नीतिशास्त्र या विषयातील ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तेव्हा मी विद्यापीठाचे नाव, शुल्क आणि विषयांची यादी एवढेच पाहिले होते.

विषयांची यादी पाहून निवड करण्यात फारसा अर्थ नाही, कारण ती सगळीकडे जवळपास सारखीच असते: माणसांवरील प्रयोगांचे नियम सांगणारी 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता आणि 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा, अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे उपचारांविना ठेवलेले सिफिलिसचे कृष्णवर्णीय रुग्ण आणि त्यानंतर संशोधनातील नीतितत्त्वे मांडणारा 1979 चा बेलमाँट अहवाल. हे सारे उत्तम शिकवले गेले. वर्ग तिकडे संध्याकाळी सहाला असल्याने इकडे पहाटे साडेतीनला उठावे लागे आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे मागे गेल्यावर साडेचारला. त्या एका तासाचे मला झालेले अप्रूप सांगून पटणार नाही.

खरी अडचण उदाहरणांची होती. आयुष्याच्या अखेरच्या निर्णयांवरील सत्रात बेशुद्धावस्थेतील तरुणीचे कृत्रिम श्वसनयंत्र काढावे का, याविषयीचा न्यू जर्सीतील 1976 चा क्विनलन खटला तीन आठवडे चालला. अरुणा शानबाग प्रकरणातील इच्छामरणाविषयीचा 2011 चा निकाल, ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता देणारा 2018 चा निकाल आणि त्यातील जाचक कार्यपद्धती 2023 मध्ये सुलभ झाली तो आदेश यांविषयी मी विचारले, तेव्हा प्राध्यापकांनी मोकळेपणाने त्यांवर मलाच निबंध लिहायला सांगितला. मी तो रात्री जागून लिहिला. पाच आठवड्यांनी तो गुणांसह परत आला, पण शेरा दोनच ओळींचा होता. प्रवेशापूर्वी आपले लिखाण कोण वाचणार आणि किती बारकाईने, हे मी विचारायला हवे होते.

दुसरा प्रश्न प्रत्यक्ष कामाचा. माहितीपत्रकात त्याचा ठळक उल्लेख होता. प्रत्यक्षात परदेशी विद्यार्थ्यांसाठी फक्त काल्पनिक प्रकरणे होती. माझ्याच रुग्णालयातील काम ग्राह्य धरावे यासाठी मला तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. अखेर मान्यता मिळाली, आणि या पदवीचे चीज झाले असेल तर ते तेथेच.

एका औषधचाचणीच्या मराठी संमतीपत्रात ‘यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी’ असे छापले होते. सुरगाण्याहून आलेल्या एका शेतकऱ्याला ते वाचून दाखवल्यावर त्याने विचारले, "म्हणजे ताई, चिठ्ठी टाकणार का?" तो निरक्षर असल्याने नियमाप्रमाणे निष्पक्ष साक्षीदार शेजारी बसला होता; त्यालाही त्या शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. मी हा प्रसंग अहवालात लिहिला. या प्रत्यक्ष कामासाठी मिळालेल्या नवीन मार्गदर्शिकेने त्यावर तासभर चर्चा केली: चिठ्ठी म्हटल्यावर त्याला नवे औषध हे बक्षीस वाटेल का, आणि मग जोखीम त्याच्या ध्यानात राहील का? स्वायत्ततेवरील, म्हणजे रुग्णाच्या स्वतः निर्णय घेण्याच्या हक्कावरील, सगळ्या पाठांपेक्षा त्या तासात मी अधिक शिकले.

कमिटीचे काम नीट जमावे एवढाच हेतू असेल, तर मात्र परदेशी पदवीची गरज नाही. 2019 च्या औषधचाचणी नियमांत सदस्यांना प्रशिक्षण अपेक्षित आहे, पदवी नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे नीट वाचून भारतातील एखादी पदविका केली तरी पुष्कळ साधते. शिकवण्याचा किंवा संशोधनाचा विचार असेल तरच पदव्युत्तर पदवीकडे वळावे. माझा पगार अजून तेवढाच आहे.

संमतीपत्रात आता ‘कोणाला कोणते औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, संगणक ठरवेल, नवे औषध अधिक चांगले आहे की नाही हे अजून माहीत नाही’ अशी वाक्ये आहेत. पुढच्या बैठकीत ती पुन्हा वाचून दाखवायची आहेत, या वेळी कळवण आणि पेठच्या रुग्णांना.