‘गिअर बसणा नाय की बसान उडता?’ : लालबागच्या गॅरेजचा अनुभव

माझी बाईक २०१२ ची आहे, अडीचशे सीसी, सिंगल सिलिंडर, सहा गिअर, मीटरवर ८६ हजार. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की लोक लगेच "अरे ती गाडीच तशी" सुरू करतात आणि तसं अजिबात नाहीये, या गाडीने मला चार वेळा गोवा आणि एकदा हंपी दाखवलंय, एकदाही टेम्पोत चढली नाही.

प्रॉब्लेम गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. आधी कधीतरीच, दुसऱ्यातून तिसरा टाकला की लिव्हर वर जायचा, पायाला वाटायचं पडला, क्लच सोडला की इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागेवरच. म्हणजे दोन गिअरच्या मध्येच न्यूट्रल. सायन-माटुंग्याच्या ट्रॅफिकमध्ये हे झालं तर फार तर मागचा रिक्षावाला शिव्या घालतो, पण मला हे माळशेज चढताना झालं, पाऊस धो धो, समोर धुकं, मागे एसटी, आणि मी पायाने लिव्हर वर-खाली करतोय. त्या दिवशी मुरबाडला चहा पिताना ठरवलं की आता हे बघायलाच पाहिजे.

आधी गेलो घराजवळच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला. एसी, कॉफी मशीन, टॅबवर जॉब कार्ड, सगळं चकाचक. तिथल्या पोराने गाडी चालवून पण बघितली नाही, स्टँडवर दोन गिअर टाकले आणि म्हणाला सर गिअरबॉक्स गेला, इंजिन खोलावं लागेल, २२ हजार धरून चाला, पार्ट्सचे वेगळे. आणि तोपर्यंत "जरा स्मूद होईल" म्हणून जाडं ऑइल टाकून दिलं. झालं उलटंच, सकाळी थंड इंजिनवर पहिला गिअर टाकला की ठाण्ण आवाज आणि सिग्नलला न्यूट्रल शोधता शोधता लाईट हिरवा.

मग मित्राने लालबागचं हे गॅरेज सांगितलं. नावाचा बोर्ड वगैरे काही नाही, एकच शटर, आत दोन गाड्या मावतात, बाकीच्या गल्लीत. जवळच मसाल्याची दुकानं, त्यामुळे डंकाचा ठकठक आवाज आणि मिरचीचा खाट, मी पहिली दहा मिनिटं नुसता शिंकत होतो. गॅरेज चालवणारे मालवणचे, साठीच्या आसपास, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच म्हणालो.

मी आपलं सुरू केलं, गिअरबॉक्स गेलाय, २२ हजार सांगितलेत वगैरे. मामांनी मध्येच तोडलं आणि विचारलं, "गिअर बसणा नाय की बसान उडता?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. मग त्यांनी समजावलं आणि माझ्या मते अख्ख्या अनुभवातली हीच गोष्ट पैसे वसूल करणारी होती. गिअर नीट पडला, गाडी ओढायला लागली आणि थ्रॉटल दिल्यावर खाटकन बाहेर आला, तर आतले दात झिजलेत किंवा आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय, मग इंजिन फोडल्याशिवाय इलाज नाही. पण गिअर मुळात बसतच नसेल, मध्येच लटकत असेल, तर आधी बाहेर बघायचं, कारण बऱ्याचदा तुमचा पाय जेवढा उचलला जातो तेवढा धक्का आत पोचतच नाही. माझं उत्तर होतं, बसत नाही. बसला की कधीच उडाला नाही. "मग इंजिनाक हात लावूची गरज नाय. सध्या तरी," असं म्हणून स्वतः गाडी घेऊन परळच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले. हेल्मेट घालून, हे पण लिहितो, कारण ट्रायल मारणारा मिस्त्री हेल्मेट घालतो हे मी तरी पहिल्यांदा बघितलं.

आल्यावर मला खाली बसवलं आणि गिअर लिव्हरचं टोक दोन बोटांत धरून हलवायला सांगितलं. लिव्हर चांगला बोटभर वर-खाली होत होता आणि आतला शाफ्ट ढिम्म! माझ्या गाडीला लिव्हर थेट शाफ्टवर नाहीये, मध्ये एक छोटा रॉड आहे आणि रॉडच्या दोन्ही टोकांना गोटीसारखे जॉइंट. त्यांचे रबर फाटलेले, आत चिखल आणि गंज, गोटी आपल्या वाटीत खुळखुळत होती. म्हणजे मी पाय उचलायचो त्यातला अर्धा उचल त्या खुळखुळीतच जिरायचा. वर मी टूरिंगचे जाडे बूट घालतो आणि रॉडचं सेटिंग कधीकाळी कोणीतरी लिव्हर खाली ठेवून केलेलं, त्यामुळे बूट लिव्हरखाली धड जायचाच नाही. ८६ हजार किलोमीटरमध्ये एकदा पण तिथे ग्रीसचं बोट लावलं नव्हतं, चेनला मात्र दर रविवारी आरती ओवाळल्यासारखं ल्यूब.

दोन्ही जॉइंट नवीन टाकले (एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून लॉकनट सैल करून नुसता रॉड फिरवला की लिव्हर वर-खाली सेट होतो, हे मला माहीतच नव्हतं), आणि सेटिंग मला सीटवर बसवून, बूट घालून केलं. शाफ्टवरचा क्लॅम्पचा बोल्ट पण सैल निघाला, तो काढून आटे साफ करून परत कसला. क्लच केबल आतून तुटायला लागली होती ती बदलली, फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जायच्या आधी लिव्हर मोकळा हलतो तेवढं अंतर, क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १५ मिलिमीटर ठेवला. म्हणाले हा जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेटी चिकटून फिरतात, मग गिअर पण अडतो आणि न्यूट्रल पण सापडत नाही.

आणि ते जाडं ऑइल काढलं. काढलेलं ऑइल त्यांनी जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळलं आणि कपडा उन्हात धरून मला दाखवला, नुसती राखाडी मळी, एकही चकाकणारा तुकडा नाही. "तुकडो गावलो असतो तर मी पण बावीसच सांगितले असते," म्हणाले. मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच १०डब्ल्यू-३० जाडीचं, बाईकचंच, जासो एमए वालं (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं असा शिक्का), आणि नवा फिल्टर.

बिल : जॉइंट ४८०, केबल ४२०, ऑइल-फिल्टर ९८०, मजुरी १२००. एकूण ३०८०. छापील बिल मागू नका, वहीच्या पानावर मिळतं.

आता तक्रारी. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, जॉइंट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळेना म्हणून. ठीक आहे, पण फोन करून सांगा ना, मी दोनदा डोंबिवलीवरून हेलपाटा मारला, लोकलने, हेल्मेट हातात घेऊन. फोन उचलतच नाहीत. बसायला जागा नाही, उलटा ठेवलेला ऑइलचा डबा हीच वेटिंग रूम. कार्ड चालत नाही, यूपीआय पोराच्या मोबाईलवर. आणि गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत तर जाऊच नका, त्या गल्लीत बाईक काय सायकल घुसत नाही.

त्यानंतर १४०० किलोमीटर झाले, दिवाळीत गुहागरला जाऊन आलो. दुसरा-तिसरा आता न बघता पडतो, सिग्नलला न्यूट्रल पहिल्या फटक्यात. पाचवा-सहावा मात्र या १४०० मध्ये तीनदा हुकला, तिन्ही वेळा हायवेवर पाय आळशीपणे उचलला होता हे मान्य. मामांना सांगितलं तर म्हणाले परत झालं तर क्लच कव्हर खोलून गिअर जागेवर धरणाऱ्या स्टॉपरचा रोलर आणि त्याची स्प्रिंग बघू, त्याला अजून इंजिन फोडावं लागत नाही, एका दिवसाचं काम.

एका दिवसाचं म्हणजे मी तीन धरलेत. पाचपैकी चार स्टार, एक फोनचा कापला.