पसाऱ्याचं असेसमेंट, डोंबिवलीतलं एक क्लिनिक (४ स्टार)

काकांना घेऊन गेलेलो. श्रीखंडाचे रिकामे डबे, धुऊन घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पण मॅडमनी तासाभरात एकदाही 'कचरा' म्हटलं नाही हे सगळ्यात आवडलं. होर्डिंग, म्हणजे वस्तू टाकवतच नाहीत आणि घरात साठत जातात तो आजार, हा २०१३ पासून ओसीडीहून (नको ते विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) वेगळा धरतात, म्हणून विसरभोळेपणा, डिप्रेशन, ओसीडी हे सगळं आधी विचारून घेतलं. मग ५ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ८ मार्क, खोल्या वापरता येतात का, टाकताना किती जड जातं, नवीन किती आणता, त्रास आणि अडचण किती. नंतर फोटो दाखवले, किचन, बेडरूम, हॉल, प्रत्येकी ९, पसारा वाढत जाणारा, "काका, तुमचा हॉल यातला कुठला?" काकांनी बिनधास्त ३ वर बोट ठेवलं, मी ६ वर! मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळी घरचे फोटो आणायला सांगितले, कारण अशा पेशंटना स्वतःचा पसारा बऱ्याचदा दिसतच नाही म्हणे.

एक स्टार कापला कारण घरी येऊन बघत नाहीत, खरं तर या आजारात तेच सगळ्यात उपयोगी, आणि रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने 'काय प्रॉब्लेम आहे' विचारतात, काका तिथूनच परत फिरत होते.