मामलेदार कोर्टातला पाण्याचा दावा: मुदतीत गेलात तर नक्की कामाचा

शेजाऱ्याने ओघळ बुजवली, चारीत माती टाकली किंवा सामाईक विहिरीवरची पाळी बंद केली, की बहुतेक शेतकरी आधी पोलीस ठाण्यात जातात आणि तिथून थेट वकिलाकडे. तालुक्याच्या तहसील कचेरीत यासाठी एक जुनी सोय आहे, ती मधल्या मधे राहून जाते: मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 (मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार). स्वस्त आहे, आणि दिवाणी दाव्याच्या मानाने लवकर निकाली निघण्यासारखी आहे. शेतीच्या पाण्यासाठी महाराष्ट्रात इतकी सरळ वाट दुसरी नाही. फक्त ती काय देते आणि काय देत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

तहसीलदार इथे मालकी ठरवत नाहीत. पाणी वाहत होतं का, ते कोणी आणि कधी अडवलं, अडवणाऱ्याला कायद्याचा आधार होता का, एवढंच पाहतात. म्हणूनच चौकशी संक्षिप्त असते. रानात पडणारं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खाली जात असताना कोणी बांध घातला आणि त्याने पिकाचं किंवा जमिनीचं नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढता येतो. विहीर, तळं, कालवा किंवा पाटाचं पाणी बेकायदा तोडलं असेल तर ते परत मिळतं. पाण्याच्या वापराला कोणी अडथळा आणत असेल किंवा आणू पाहत असेल, तर मनाई हुकूम मिळतो. शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ताही याच कलमात येतो. मात्र अडथळा कायदेशीर अधिकाराखाली घातलेला असेल, उदाहरणार्थ सरकारी रस्त्याचा भराव, तर हे कलम उपयोगाचं नाही.

बरेच दावे फेटाळले जातात ते मुदतीवर. मुदत सहा महिन्यांची, आणि ती मोजायची अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून. नुकसान दिसलं तो दिवस धरला जात नाही. मे महिन्यात नांगरट करताना ओघळ बुजवली, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रानात पाणी साचल्यावर लक्षात आलं, मग तंटामुक्ती समितीत बैठका झाल्या, दिवाळी गेली. नोव्हेंबर संपला की दावा गेला. बैठका जरूर घ्याव्यात, पण दाव्याचा कागद आधी दाखल करून. तडजोड झालीच तर ती तहसीलदारांसमोर लिहून घेता येते, आणि ती गावातल्या तोंडी शब्दापेक्षा जास्त टिकते.

आता अर्ज. ‘शेजारी पाणी अडवतो, मला न्याय मिळावा’ असं लिहिलेल्या अर्जावर कोणताही अधिकारी अंमलात आणता येईल असा हुकूम देऊ शकत नाही. असं लिहा: ‘गट नंबर 112 च्या पश्चिम बांधालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणाऱ्या चारीत, वायव्य कोपऱ्यापासून 40 फुटांवर, प्रतिवादीने अमुक तारखेला सुमारे 6 फूट लांब आणि 3 फूट उंच मातीचा भराव घातला. तो काढून चारी पूर्वीच्या रुंदीने मोकळी करावी आणि पुन्हा अडवण्यास मनाई करावी.’ जागा, माप, तारीख, मागणी, चारही गोष्टी त्यात आल्या. शेवटची मनाईची मागणी बरेच जण विसरतात. मग भराव निघतो आणि पुढच्या हंगामात परत पडतो. सोबत दोन्ही गटांचे सातबारा, गटाचा नकाशा, त्यावर चारी दाखवलेला हाती कच्चा नकाशा, चतुःसीमा आणि साक्षीदारांची यादी जोडा. विहिरीचा वाद असेल तर ‘इतर हक्क’ रकान्यातली हिश्श्याची नोंद आणि नमुना बारामधली जलसिंचनाच्या साधनाची नोंद आधी तपासा. विदर्भात गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदपत्रकात, सिंचनाची जुनी रूढ लिहिलेली सापडली, तर दाव्याला मोठं बळ मिळतं.

निकाल फिरतो तो स्थळपाहणीवर. पंचनाम्यात ‘अडथळा दिसून आला’ एवढंच लिहिलं जात असेल तर तिथेच हरकत नोंदवा. भरावाची लांबी-उंची, चारीच्या तळाचा उतार कोणीकडे आहे, वरच्या बाजूला गाळ साचलाय का, काठावर जुनं गवत किंवा झाडं आहेत का, हे लिहून घ्या. गाळ ही पाणी अडल्याची खूण असते, आणि काठावरचं जुनं गवत-झाडं ही चारी जुनी असल्याची. पाहणी शक्यतो पाणी वाहत असताना मागावी. मार्चमध्ये कोरडी चारी आणि साधा खड्डा यांत फरक दिसत नाही.

या सोयीचे दोष खरे आहेत. तहसीलदारांवर निवडणुकीपासून टंचाईपर्यंत सगळा भार, त्यामुळे संक्षिप्त म्हणवणारी चौकशीही तारखांत लांबते. अमुक प्रकरण दिवाणी न्यायालयानेच पाहणं योग्य, असं वाटलं तर ते कारण लिहून दावा नाकारू शकतात, आणि गुंतागुंतीच्या वाटपाच्या वादात ते रास्तही असतं. निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे निकालाची फेरतपासणी, आहे, ते अधिकार बऱ्याच ठिकाणी प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) सोपवलेले असतात. दिवाणी कोर्टाचा निकाल आला की त्यापुढे हा हुकूम टिकत नाही. पण तोवर पाणी वाहत राहतं, आणि उभ्या उसाला तेवढंच हवं असतं.

दिवाणी कोर्टातही झटपट निकाल मिळेल, असं काही जण सांगतात. पुराव्याआधीच संक्षिप्त निकाल देण्याची दिवाणी प्रक्रिया संहितेतली आदेश 13-अ ची तरतूद 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने आली आणि ती व्यावसायिक वादांपुरतीच आहे. बांधावरच्या भांडणाला ती लागू नाही. प्रतिवादीने लेखी कैफियतीत चारी आणि भराव दोन्ही कबूल केले, तर त्याच संहितेच्या आदेश 12 नियम 6 खाली कबुलीवर निकाल मागता येतो, तेवढाच काय तो जवळचा रस्ता. वापराचा हक्क कायमचा सिद्ध करायचा असेल तर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापराचा हक्क) कायद्याप्रमाणे 20 वर्षांची अखंड, उघड आणि हक्काने केलेली वहिवाट दाखवावी लागते. त्यासाठी दिवाणी दावाच हवा.

आणि तुमची चारी कधी नव्हतीच, विहिरीवरून शेजाऱ्याच्या रानातून पाइप न्यायचा आहे, तर कलम 5 वर वेळ घालवू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 वरही नको, ते बांधावरच्या रस्त्यासाठी आहे. त्याच संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल, उघडा पाट असेल तर रुंदी दीड मीटरच्या आत, मार्ग शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान करणारा, आणि खोदलेली जमीन तुमच्या खर्चाने पूर्ववत. या अटी अर्जातच मान्य असल्याचं लिहिलंत, तर शेजाऱ्याच्या अर्ध्या हरकती पहिल्याच तारखेला गळून पडतात.