एडवर्डची पेनी आणि व्हिक्टोरियाचं मेडल : काही महिने हाताळल्यानंतर

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. घाई असेल त्यांनी इथेच थांबावं. मध्ययुगीन इंग्लंडचं एकच नाणं घ्यायचं असेल तर पहिल्या एडवर्डची, लंडनच्या टांकसाळीची चांदीची पेनी घ्या. झिजलेली चालेल, पण अक्षरं वाचता आली पाहिजेत. राजघराण्याच्या स्मारक-मेडलांपैकी एकच घ्यायचं असेल तर सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचं, १९०२ सालचं छोटं, चांदीचं, अधिकृत मेडल. आणि दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर पेनी.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, त्यामुळे कॉइन फेअरला जाऊन माल हातात घेऊन बघायची सोय आहे. गेल्या हिवाळ्यापासून जमवलेला माझा ऐवज असा : एडवर्डची वर म्हटलेली पेनी, तिसऱ्या हेन्रीची लांब क्रॉसची पेनी, त्याआधीच्या आखूड क्रॉसच्या पेनीचा कापलेला अर्धा तुकडा, आणि तीन मेडलं, १८९७, १९०२ व १९३७ ची. अख्ख्या पेन्या प्रत्येकी पन्नास-साठ पौंडांच्या घरात, कापलेला तुकडा वीस-पंचविसात, चांदीची मेडलं तिसाच्या आसपास. १९३७ चं मेडल जवळपास फुकट म्हणावं असं. नोबल या सोन्याच्या नाण्याबद्दल विचारू नका. तिसऱ्या एडवर्डचा तो जहाजात उभा असलेला राजा सुंदर आहे, पण त्याच्या किमतीत जुनी गाडी येते.

पेनी पहिल्यांदा हातात घेतल्यावर बहुतेकांची निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. व्यास दोन सेंटिमीटरच्याही आत, वजन साधारण १.४ ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही कमी. इतकी पातळ की बोटांनी दाबली तर वाकेल अशी धास्ती वाटते. छाप्याच्या बाजूला समोर बघणारा मुकुटधारी चेहरा, दोन्हीकडे केसांच्या बटा. हा एडवर्डचा चेहरा समजू नका. त्या काळच्या इंग्लिश पेनीवर ‘राजा’ नावाची एक ठरलेली आकृती असे आणि गादीवर कोणीही बसला तरी तीच चालू राही. खऱ्या माणसासारखा दिसणारा चेहरा इंग्लिश नाण्यावर यायला सातव्या हेन्रीची शेवटची वर्षं, म्हणजे सोळाव्या शतकाची सुरुवात उजाडली.

काट्याच्या बाजूला कडेपर्यंत गेलेला क्रॉस, चारही घरांत तीन-तीन ठिपके, आणि भोवती लॅटिनमध्ये लंडन शहराचं नाव चार तुकड्यांत : सिव्हि, तास, लोन, दोन. हे एकदा वाचता आलं की गाडी सुटते. पुढच्या फेअरला तुम्ही टेबलावरच्या ट्रेमध्ये वाकून कँटरबरी, डरॅम, यॉर्क, ब्रिस्टल आपोआप ओळखू लागता. शिवराया जमवणाऱ्या कुणालाही हे घरचंच वाटेल : चकती लहान, ठसा मोठा, घण तिरका पडलेला, निम्मी अक्षरं नाण्याबाहेर. राहिलेल्या अर्ध्या अक्षरांवरून पूर्ण मजकूर जुळवायची सवय आपल्याला आहेच.

महिनोनमहिने पुरणारा खुराक मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे. एडवर्ड नावाचे तीन राजे लागोपाठ झाले आणि पेनीवर क्रमांक नाही. मग नाणं कोणाचं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉक्स बंधूंनी या पेन्यांचे पंधरा वर्ग पाडले. मुकुटाच्या पाकळ्या, अक्षरांची वळणं, नाव किती लांब कोरलंय यावरून. नुसतं ‘एड्व’ असेल तर बहुतेक पहिला एडवर्ड. ‘एड्वा’ असेल तर त्याच्या शेवटच्या वर्षांपासून दुसऱ्या एडवर्डपर्यंत कुठेही. पुढचं काम दहापट भिंग आणि तिरका उजेड यांचं. टेबललॅम्प बाजूला आडवा ठेवा, नाणं हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारं नाणं अचानक बोलायला लागतं. माझ्या नाण्याचा वर्ग ठरला, उपवर्गाचा वाद चालू आहे. घरच्यांना यात काही रस नाही.

हेन्रीची पेनी मला एडवर्डच्या पेनीइतकीच आवडते, कारण तिच्यावर नाणं पाडणाऱ्या टांकसाळवाल्याचं नाव आहे. माझ्या नाण्यावर कँटरबरीचा निकोल. चांदी कमी भरली तर पकडायचा कोण, हे राजाला नाण्यावरूनच कळावं अशी ती व्यवस्था. १२७९ च्या एडवर्डच्या नव्या नाण्यांपासून ही नावं जवळपास गायबच झाली. फक्त बरी सेंट एडमंड्सच्या टांकसाळीत रॉबर्ट द हॅडली याचं नाव काही काळ टिकलं.

आता क्रॉस लांब का झाला? ११८० पासून चाललेल्या आखूड क्रॉसच्या नाण्यांची कड लोक कात्रीने कातरत. थोडी थोडी चांदी काढून घ्यायची आणि नाणं पुन्हा पूर्ण किमतीला चालवायचं. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने क्रॉसची टोकं थेट कडेपर्यंत नेली, म्हणजे टोकं दिसली नाहीत की कातरलेलं नाणं उघडं पडे. तरीही कातरणं थांबलं नाही. १२७८ मध्ये याच आरोपावरून इंग्लंडभर ज्यूंची सरसकट धरपकड झाली, लंडनमध्ये दोनशेहून अधिक जणांना फासावर चढवलं, आणि १२९० मध्ये उरलेल्या सगळ्यांना देशाबाहेर काढलं. एडवर्डची ती नेटकी, गोल, नवीकोरी पेनी या धरपकडीनंतरच्या वर्षी आली. विक्रेत्याच्या पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

अर्धा तुकडा मी केवळ स्वस्त म्हणून उचलला होता, आणि आलेल्या पाहुण्यांना सगळ्यात आधी तोच दाखवतो. १२७९ पर्यंत इंग्लंडमध्ये रोजच्या व्यवहारात व्यवहारतः पेनी हे एकच नाणं होतं. त्याहून लहान रक्कम द्यायची तर क्रॉसच्या रेषेवर नाणं कापायचं : अर्धं, किंवा चतकोर. १३०० च्या सुमारास साध्या मजुराची दिवसाची कमाई दीड-दोन पेन्स होती, म्हणजे हा अर्धा तुकडाही काही चिल्लर नव्हे. गंमत अशी की यावर नाव ‘हेन्रिकुस’ आहे, पण राजा रिचर्ड किंवा जॉनही असू शकतो. दोघांनीही इंग्लंडमधल्या नाण्यांवर बापाचंच नाव चालू ठेवलं. सिंहहृदयी रिचर्डचं नाव असलेली इंग्लिश पेनी शोधत बसू नका, ती पाडलीच गेली नाही.

एक उपविषय फक्त शिवून जातो. फ्लँडर्स आणि आसपासच्या प्रदेशांतून एडवर्डच्या पेनीच्या नकला इंग्लंडात शिरल्या. त्यांना क्रोकार्ड आणि पोलार्ड म्हणत. १२९९ च्या नाताळापासून त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली आणि १३०० च्या ईस्टरला त्या रद्दच केल्या. तेव्हा जी खोटी म्हणून वितळवली, ती आज खऱ्या पेनीपेक्षा महाग मिळतात.

देखभालीचं. चांदी उत्तम टिकते, फक्त आपण तिच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे काळं पडलेलं काही दिसलं की पितांबरीकडे हात जातो. इथे तो बांधून ठेवा. घासलेल्या पेनीची किंमत निम्म्यावर येते आणि सातशे वर्षांचा तो करडा थर परत येत नाही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी कप्प्यांचे अल्बम टाळा, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. मी आम्लरहित कागदी पाकिटं वापरतो, वर पेन्सिलीने नोंद. नाणं कडेने धरायचं आणि खाली टॉवेल अंथरायचा, बस्स. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्याच. वजन फारच कमी भरलं तर नाणं कातरलेलं आहे, आणि पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, कडेला सांध्याची रेघ असेल तर ओतीव नक्कल आहे.

मेडलांकडे वळतो. त्यांचा अनुभव उलटा. पहिल्या दिवशी डोळे दिपतात, महिन्याभरात ती पाकिटातच राहतात. ठसा खोल, कड गुळगुळीत, सगळं वाचता येतं, शोधायला काही उरत नाही. नाणं लोकांनी वापरलं, कापलं, कातरलं, पुरलं. मेडल कोणीतरी कपाटात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. राजाला जे सांगायचं होतं तेवढंच ते सांगतं.

१८९७ च्या हीरक महोत्सवाचं मेडल कारागिरीत अव्वल आहे. एका बाजूला थॉमस ब्रॉकने घडवलेली बुरखा घेतलेली म्हातारी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला विल्यम वायनने घडवलेली तरुण राणी, आणि दीर्घायुष्याचं बायबलमधलं लॅटिन वचन. तारीख २० जून १८९७. मराठी माणसाला ही तारीख वाचून पुढचं आपोआप आठवतं. २२ जूनला, याच महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात जे चाललं होतं त्याचा मागमूस या चांदीवर नाही, असणारही नव्हता. कॉइन फेअरला एका इंग्रज संग्राहकाला हे सांगितलं, तर त्याने खुर्ची ओढून सगळं ऐकून घेतलं. तीस पौंड तिथेच वसूल झाले.

१९०२ चं मेडल मी वर का सुचवलं? कारण त्यात एक फट आहे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. दोन दिवस आधी राजाच्या पोटात गळू झाल्याचं निघालं आणि बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया करावी लागली. सोहळा ९ ऑगस्टवर गेला. टांकसाळीच्या अधिकृत मेडलावर ९ ऑगस्ट आहे. छातीवर लावायच्या पदकावर मात्र २६ जूनच राहिलं. गावोगावी मुलांना वाटलेल्या स्वस्त मेडलांवरही बहुतेक जूनचीच तारीख. ही दोन्ही शेजारी ठेवा, मग मेडलही नाण्यासारखं वाचता येतं. जूनवालं एखादं मेडल पाच पौंडांत मिळून जातं.

आठव्या एडवर्डच्या १९३७ च्या मेडलांचं उलट आहे. ‘कधीच न झालेला राज्याभिषेक’ म्हणून विक्रेते भाव चढवून सांगतात. राजाने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली हे खरं, पण तोपर्यंत खाजगी कारखान्यांनी ही मेडलं ढिगाने पाडून ठेवली होती. दुर्मीळ म्हणून एक पौंडही जास्त देऊ नका.

मुंबईशी नातं असलेलं मेडल हवं असेल तर १६७० चं दुसऱ्या चार्ल्सचं आणि कॅथरीन ऑफ ब्रगान्झाचं, जॉन रोटियरने केलेलं मेडल शोधा. मागे पृथ्वीचा गोल आणि ब्रिटन जगभर पसरल्याचं लॅटिन वाक्य. याच राणीबरोबर मुंबई आंदण आली, आणि १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली गेली. माझ्या खिशाला हे मेडल झेपणारं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

खरेदीबद्दल तक्रारी आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याचा फोटो इतका उजळ होता की नाण्याची भेग दिसलीच नाही. नाणं त्याने परत घेतलं, टपालखर्च माझ्या बोकांडी. सीलबंद डबीत ग्रेड देऊन विकलेल्या पेन्यांना दुप्पट भाव लावतात, आणि डबीत नाणं ना तोलता येतं ना नीट फिरवता येतं. गुंतवणूक म्हणून तर या वाटेला जाऊच नका, डीलरला परत विकताना तिसरा हिस्सा सहज जातो. बाजारातल्या बऱ्याच पेन्या शेतात मेटल डिटेक्टरने सापडलेल्या असतात. सुटं नाणं सहसा खजिना ठरत नाही, पण तीनशे वर्षांपेक्षा जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे कळवावं लागतं. म्हणून विचारा : पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये (जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) नोंद आहे का? नोंदीचा क्रमांक असलेलं नाणं कुठल्या परगण्यात सापडलं ते घरबसल्या बघता येतं, आणि त्यासाठी पाच-दहा पौंड जास्त गेले तरी मी देतो. एवढी जुनी चांदी इतकी स्वस्त कशी, असं सगळेच विचारतात. उत्तर जमिनीत आणि नदीत आहे : आमच्यापासून फार लांब नसलेल्या टटबरीला १८३१ मध्ये डव्ह नदीच्या पात्रातून अशा नाण्यांचा हजारोंचा साठा निघाला होता. लँकेस्टरचा अर्ल थॉमस १३२२ मध्ये राजाच्या सैन्यापुढे पळाला तेव्हा त्याची तिजोरी बुडाली, असं मानतात.

पुढची खरेदी बेरिकच्या टांकसाळीची पेनी. एडवर्डने हे सरहद्दीवरचं गाव १२९६ मध्ये स्कॉटलंडकडून घेतलं आणि तिथे नाणी पाडायला लावली. तिथले ठसे गावातच कोरलेले असल्याने राजाचा चेहरा लंडनच्या मानाने बराच ओबडधोबड आहे. भाव लंडनच्या दीडपट तरी सांगतात. अक्षरं स्वच्छ असलेली मिळाली तर तेवढे मोजीन.