हेफेवायझन की आयपीए?

पुण्यात २००९ साली डूलॅली हा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला आणि बाटलीतल्या लागरवर वाढलेल्या जिभांना ताजी क्राफ्ट बिअर मिळू लागली. बहुतेकांची सुरुवात हेफेवायझनने, म्हणजे जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरने होते, आणि ते बरोबरच आहे. निम्म्याहून जास्त गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), गढूळ सोनेरी रंग, वर जाड फेस. वास केळ्याचा आणि लवंगेचा, पण आत ना केळं ना लवंग. सगळी यीस्टची करामत. कडवटपणा जेमतेम ८ ते १५ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक).

आयपीएचं, म्हणजे इंडिया पेल एलचं, उलट. कडवटपणा ४० ते ७०, अल्कोहोलही सहसा जास्त. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच. हळूहळू मात्र त्या कडूमागे मोसंबीची साल, आंबा असं काहीबाही लागू लागतं आणि मग गव्हाची बिअर मिळमिळीत वाटते. (याच टप्प्यावर माणूस हॉप्सवर, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांवर, व्याख्यानं झोडतो. टेबल बदलावं.)

पुढे ही हौसही ओसरते. झणझणीत खाण्याबरोबर मी तरी आयपीए घेत नाही; कडू आणि तिखट एकमेकांना भडकवतात. तिथे हेफेवायझनच. आणि आयपीए घ्यायचीच तर ताजी बघून घ्या, हॉप्सचा वास लवकर उडतो आणि नुसता कडूपणा उरतो.